मानेच्या ऑपरेशननंतर खांदा कोण बघणार?

तासगाव भागात ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खांदेदुखीची रांग लागते. द्राक्षबागेतलं निम्म्याहून जास्त काम मांडवाखाली उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून करायचं. छाटणी, काडीला पेस्ट, फेलफूट काढणं, विरळणी, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) पाण्यात बुडवणं. दिवसभर मान वर, हात वर. असे खांदे विश्रांती आणि थोडा व्यायाम यांनी ताळ्यावर येतात, आणि नाही आले तरी हंगाम संपला की गप्प बसतात. पण गेली काही वर्षं या रांगेत एक निराळा खांदा दिसायला लागलाय. त्या माणसाचा सदरा एका बाजूने उतरलेला असतो. हात पोटाशी धरलेला, नाहीतर अंगठा खिशात अडकवून ठेवलेला. आणि कॉलरच्या आत कानामागून खाली उतरत गेलेला टाक्यांचा व्रण.

व्रणाबद्दल ते आपणहून बोलत नाहीत. विचारलं की सांगतात, "ते जुनं हाय, मॅडम. गालाचं ऑपरेशन झालतं. मानंतल्या गाठी काढल्या. खांद्याला कुणी हात लावला न्हाई."

खांद्याला हात लागला नाही हे खरंच. तरी खांदा अडला तो त्याच ऑपरेशनमुळे. एवढी साधी गोष्ट त्या माणसाला, त्याच्या बायकोला, त्याला मुंबईला घेऊन जाणाऱ्या पुतण्याला कुणी सांगितलेली नसते. माझी तक्रार या न सांगण्याबद्दल आहे.

तोंडाचा कॅन्सर, म्हणजे गालाचा, जिभेचा, हिरडीचा, पसरायला लागला की बहुधा आधी मानेतल्या लसिकागाठींमध्ये उतरतो. म्हणून सर्जन तोंडातला रोग काढतात तेव्हाच त्या बाजूच्या मानेतल्या गाठी आणि त्यांच्या भोवतीची चरबीही काढून टाकतात. याला नेक डिसेक्शन म्हणतात. या गाठींच्या गर्दीतूनच एक बारीक नस जाते. मेंदूकडून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ती अकरावी, स्पायनल ॲक्सेसरी. कवटीच्या तळातून ती बाहेर पडते, मानेतल्या मोठ्या शिरेला लागून खाली येते आणि मानेच्या मागच्या भागात कातडीच्या अगदी जवळून जात ट्रॅपेझियस नावाच्या स्नायूत शिरते. कातडीच्या इतक्या जवळून, की क्षयाच्या संशयाने मानेतली एखादी गाठ तपासायला काढतानाही ती दुखावलेली मी पाहिली आहे.

ट्रॅपेझियस म्हणजे मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू. पोतं घेताना ओझं टेकतं तो त्याचा वरचा भाग. हात शेजारून पूर्ण वर नेला तर तो साधारण १८० अंश फिरतो. त्यातले १२० अंश खांद्याच्या उखळीतले, उरलेले ६० पाठीवरचं पातं फिरतं म्हणून मिळतात. पातं वर धरायचं आणि फिरवायचं काम मुख्यतः या स्नायूचं. आमच्याकडच्या माणसाला हे मी मांडवावरून सांगते: कडेच्या अँगलचा ताण सुटला की तारा झोळतात, मधले खांब कितीही पक्के असले तरी. लगेच कळतं.

यात डॉक्टरांना नवं काही नाही. १९०६ साली क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी १३२ ऑपरेशनांच्या अनुभवावरून मान साफ करायची पद्धत मांडली. पुढे न्यूयॉर्कच्या हेस मार्टिन यांनी ती रूढ केली. त्या काळी गाठींबरोबर मानेतली मोठी शीर, तिरपा स्नायू आणि ही नस, तिन्ही जायचं. नस वाचवत बसणं म्हणजे रोग मागे ठेवणं, असं मार्टिन यांचं ठाम मत होतं. या ऑपरेशननंतर खांद्याचं काय होतं याचं सविस्तर वर्णन अमेरिकी डॉक्टरांनी १९६१ साली छापलं. त्याच दशकात अर्जेंटिनाचे ओस्वाल्दो सुआरेझ आणि इटलीचे एत्तोरे बोक्का यांनी नस, शीर, स्नायू राखूनही गाठी नीट काढता येतात हे दाखवलं. आज आपल्याकडचे चांगले सर्जन शक्य तिथे नस राखतातच. रोगच नसेला चिकटला असेल तर ती द्यावी लागते, त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही.

पण नस राखली म्हणजे खांदा राखला असं होत नाही. तिच्या वरच्या बाजूच्या गाठी काढताना ती बाजूला ओढून धरावी लागते, तिच्या भोवतीचं सगळं सोलून काढावं लागतं. ताणलेली नस महिनोन्‌महिने झोपून राहते. बहुतेकींना हळूहळू जाग येते, त्याला कधी वर्षही लागतं. मधल्या त्या काळात खांद्याचं काय करायचं, हा प्रश्न कुणाच्या वाट्याला दिलेलाच नाही.

आणि अशा माना वाढल्यात, त्याला कारणही चांगलं आहे. तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असलेले डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तोंडातला रोग लवकरच्या टप्प्यात आहे, मानेत गाठ लागत नाही, अशा ५०० पेशंटांचा हिशोब त्यात होता. एका गटाची मान पहिल्याच ऑपरेशनमध्ये साफ केली, दुसऱ्या गटाची गाठ दिसली तरच. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. मान आधीच साफ करायची की वाट बघायची, हा वाद हे आकडे आल्यावर संपला. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कोणत्या टपरीवर मिळतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. म्हणजे माना साफ होत राहणार, माणसं वाचत राहणार, आणि ती वाचलेली माणसं पुन्हा बागेत, बसमध्ये, चुलीपुढे जाणार. जाताना त्यांना दोन हात लागणार आहेत.

सावळजकडचे एक बागायतदार माझ्याकडे आले ते फवारणीच्या पंपाची तक्रार घेऊन. पाठीवरच्या पंपाचा उजवा पट्टा खांद्यावर ठरतच नव्हता, सारखा घसरायचा. पट्टा बदलून झाला, पंप बदलून झाला. मी सदरा काढायला सांगितला आणि पाठीमागे जाऊन उभी राहिले. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली. मान आणि खांदा यांच्यामधला भरीव भाग बसलेला, तिथे खड्डा. पातं मणक्यापासून बाहेर सरकलेलं. "दोन्ही हात शेजारून वर घ्या," म्हटलं. डावा कानाला लागला. उजवा खांद्याच्या उंचीला येऊन थांबला आणि पुढे न्यायला म्हणून ते सगळं अंग डावीकडे झुकवायला लागले. हात समोरून मात्र थोडा जास्त गेला. मग टेबलावर उताणं झोपवून त्यांचा हात मी माझ्या हातात घेतला, त्यांना सैल सोडायला सांगितलं आणि हळू वर नेला. तोही अडला, आणि त्यांनी दात आवळले.

या शेवटच्या अडण्यावर सगळी गोष्ट आहे. नस झोपली असेल तर माणसाला स्वतःहून हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्याने नेला तर तो जायला हवा. दुसऱ्याने नेऊनही जात नाही याचा अर्थ आता सांधाच आखडलाय. नस ऑपरेशनात दुखावली, सांधा मात्र घरी आखडला. टाके तुटतील म्हणून हात हलवायचा नाही, असं कुणीतरी शेजारी सांगतं. मग रेडिएशनसाठी सहा-सहा आठवडे मुंबईत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा कुणा नातेवाइकाच्या खोलीत राहायचं, तोंडात फोड, गिळवत नाही, त्यात हाताकडे कोण बघतो. वर रेडिएशनने मानेची कातडी आणि आतलं मांस चिवट होतं. गालाच्या जागी छातीचा स्नायू फिरवून लावला असेल तर छातीची बाजूही ओढल्यासारखी होते. असा पोटाशी धरलेला हात सहा महिन्यांनी माझ्याकडे येतो. नसेवर माझा इलाज चालत नाही. पण आखडलेला सांधा टाळता आला असता, बिनखर्चाने, आणि पहिल्या काही आठवड्यांतच.

आता यातली चीड आणणारी गोष्ट सांगते. त्याच पेशंटच्या खिशात आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा असतो. तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी दवाखान्यातून दिलेल्या. दाढांच्या मध्ये काड्या सरकवायच्या, दर थोड्या दिवसांनी एक वाढवायची. निरक्षर माणूससुद्धा सांगतो, "आता अठरा काड्या जात्यात." हा व्यायाम तो चुकवत नाही, कारण दर फॉलो-अपला डॉक्टर तोंड उघडायला लावतात, मोजतात आणि कमी झालं तर रागावतात. खांदा कुणी मोजत नाही, म्हणून खांद्याचा व्यायाम कुणी करत नाही. यंत्रणा नाही, पैसा नाही, माणूसबळ नाही ही नेहमीची कारणं इथे लागू पडत नाहीत. तोंडाच्या बाबतीत हे सगळं जमलंय.

मग हा माणूस फिरत राहतो. सांध्याच्या डॉक्टरकडे जातो आणि जुन्या ऑपरेशनचं सांगत नाही, कारण त्याच्या लेखी त्याचा संबंध नाही. 'स्पॉन्डिलायटिस' ठरतं, कॉलर येते. कुठे सांध्यात इंजेक्शन, कुठे एमआरआय. हाड बसवणाऱ्याकडे गेला तर तो हात हिसकून वर ओढतो. माझ्या धंद्यातल्या लोकांचंही सांगायला हवं: पेशंट आला की न बघता शेक आणि करंट लावणारे आमच्यात थोडके नाहीत. कॅन्सरच्या जागेवर अल्ट्रासाउंड किंवा खोल शेक देऊ नये हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं असतं. शिवाय या ऑपरेशननंतर कानाची पाळी, जबड्याखालची आणि मानेवरची कातडी बधिर असते. दाढी करताना कापलं तरी कळत नाही. गरम पाण्याची पिशवी घरच्यांनी मायेने लावली आणि सकाळी मानेवर टरारून फोड आला, असे लोक येतात. चटका बसलेला त्यांना जाणवलेलाच नसतो.

पुरुष निदान पंपाची, छाटणीची तक्रार घेऊन येतात. बायका येतच नाहीत. आमच्याकडे पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायकांना मिश्रीची सवय आहे, आणि गालाचं ऑपरेशन झालेल्या त्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या त्या नातीच्या पायासाठी. पदर सारखा घसरतोय म्हणून त्यांनी पिन लावली होती, तेवढ्यावरून मी विचारलं. मग एकेक बाहेर आलं. वेणी सून घालून देते. ब्लाउजचा हात आधी आजारी बाजूचा घालायचा हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलेलं. फडताळावरचे डबे खाली आणून ठेवलेत. कानातलं फूल कधी पडलं ते कळलंच नाही, कारण पाळीला स्पर्शच नाही. संध्याकाळी मान आणि खांद्यात ओढ लागते, हात उशीवर ठेवला तर बरं वाटतं. "सांगितलं का डॉक्टरांना?" म्हटलं, तर म्हणाल्या, "जीव वाचवला बाई त्यांनी. आणि हातासाठी काय म्हणून तक्रार करायची?"

हे वाक्य कमीअधिक फरकाने सगळेच बोलतात, आणि सर्जनही तेच म्हणतात. मला ते पटत नाही. जीव वाचला म्हणूनच हाताचा प्रश्न आला. शिवाय मावशी जे लपवत होत्या ते हाताहून मोठं होतं. खांद्यात कळ आली की रोग परत आलाय असं त्यांना वाटायचं, आणि ते घरात बोलायची भीती. नव्याने सुरू झालेलं दुखणं किंवा मानेत लागणारी गाठ कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे, त्यात हयगय नको. पण ही ओढ नसेमुळे आहे, एवढं एक वाक्य डिस्चार्जच्या दिवशी कानावर पडलं असतं तर त्यांच्या कितीतरी रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

व्यायामाने काय होतं, तेही फुगवून सांगणार नाही. कापलेली नस व्यायामाने उगवत नाही. पण पात्याला धरून ठेवणारे दुसरे स्नायू असतात, त्यांना बळ देता येतं. सांधा मोकळा राहतो, ओढ कमी होते. कॅनडात अल्बर्टामध्ये ५२ पेशंटांवर झालेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १२ आठवडे बेताबेताने वजन वाढवत केलेल्या व्यायामाने खांद्याचं दुखणं आणि अडचण नेहमीच्या व्यायामापेक्षा जास्त कमी झाली. २०१२ सालच्या कॉक्रेनच्या आढाव्यात असे तीनच अभ्यास सापडले, सगळे मिळून १०४ माणसं, आणि निष्कर्ष असा की फायदा आहे पण लहान आहे. लहान फायदा म्हणजे काय, ते मांडवाखाली उभ्या असलेल्या माणसाला विचारावं. हात चार बोटं जास्त वर गेला तर घड हाताला लागतो.

सामानही काही लागत नाही. सर्जनने हो म्हटल्यावर, बहुधा नळ्या निघाल्या की, हलक्या हालचाली सुरू करायच्या. उताणं झोपून दुसऱ्या हाताच्या आधाराने किंवा काठी धरून हात वर न्यायचा. भिंतीकडे तोंड करून बोटं वर चालवायची आणि जिथवर गेली तिथे पेन्सिलीची खूण करायची. खुर्चीत ताठ बसून दोन्ही पाती मागे एकमेकांकडे आवळायची. बसताना कोपराखाली उशी. पिशवी, पंप, कळशी त्या बाजूला नको. पुढे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन. दुसऱ्या कुणी हात हिसकून वर ओढायचा नाही. सावळजच्या काकांनी गोठ्याच्या भिंतीवर खुणा केल्यात. पट्टा अजून घसरतो, त्यांनी पंप सोडून दिला आणि फवारणी ब्लोअरने करून घेतात. विरळणीला मात्र यंदा स्टुलावर उभे राहून ते स्वतः होते.

ज्याला स्टूल घ्यायची सोय नाही त्याचं अवघड आहे. एक एसटी कंडक्टर यायचे. एका हाताने तिकीट मशीन, दुसरा हात वर, कधी दांड्याला तर कधी घंटीच्या दोरीला. खांदा अडला तर ती नोकरी होत नाही. वरून बघणाऱ्याला माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे हलकी ड्यूटी मागायला गेलं की आधी नजरेतला संशय झेलावा लागतो. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर नसेबद्दल एक शब्द नव्हता. असता तर मला आणि त्यांच्या साहेबांनाही पहिल्याच दिवशी उमगलं असतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ लिहावी: नस राखली, ताणली गेली की काढावी लागली. तोंडाच्या काड्यांबरोबर खांद्याच्या व्यायामाचा एक चित्रांचा कागद द्यावा, मराठीत. दर फॉलो-अपला सदरा काढायला लावून दोन्ही हात शेजारून वर करायला सांगावं आणि किती गेला ते लिहावं. याला एक मिनिटही लागत नाही. टाटासारख्या ठिकाणी ओपीडीची गर्दी मी पाहिलेली आहे, तरीही म्हणते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून अशी कितीतरी ऑपरेशनं होतात. ऑपरेशनच्या पॅकेजात खांद्यासाठी फिजिओच्या काही भेटी नाव घेऊन लिहाव्यात आणि त्या पेशंटच्या तालुक्यात घेता याव्यात. खांद्याच्या व्यायामासाठी तासगावच्या माणसाने मुंबईत परळला हेलपाटे घालणं होणार नाही, तो येणं सोडून देतो. यातून फिजिओंचा धंदा वाढेल असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, तोवर वाचणाऱ्यांना एक सांगते. घरात, भावकीत कुणाचं तोंडाच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरसाठी मानेचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांना सदरा काढून पाठमोरं उभं करा. बाई असेल तर सुनेने किंवा लेकीने बघावं. एक खांदा उतरलेला दिसला, किंवा शेजारून हात कानापर्यंत जात नसेल, तर पुढच्या फॉलो-अपची वाट न बघता सर्जनला फोन करून दोन प्रश्न विचारा: नस राखली होती का, आणि व्यायाम आजपासून सुरू करू का?